चिंध्यांचा डबा

माझं अक्षर चांगलं, म्हणून आमच्या घरात काही लिहायची वेळ आली की वही माझ्याकडे येते. लग्नाच्या पत्रिकांवरची नावं, वाटणीच्या वेळी शेताच्या चतुःसीमा, बारशाला कुणाकुणाला बोलवायचं, सगळं मी लिहिलेलं. एकदा मी एका बाईच्या संसाराचीही यादी लिहिली. इतकी नीटनेटकी की आजही कुणी पाहिली तर म्हणेल, काय जबाबदार बाई आहे ही. त्या यादीची शेवटची ओळ मात्र मला अजून नीट वाचवत नाही.

आम्ही जांबे गावचे. मी पौडहून लग्न होऊन इथे आले तेव्हा घरामागे ज्वारी असायची. आता तिथे खोल्या आहेत. हिंजवडीला कामाला जाणारी माणसं राहायला येतात, चार वर्षांनी जातात, दुसरी येतात. आमच्या पत्र्याच्या पाच खोल्या होत्या आणि टोकाच्या खोलीत टेलरबाई राहायची. सोलापूरकडची. नवरा एका कंपनीत वॉचमन होता, तो वारला. मुलगी गावाकडे आजीजवळ शिकत होती. ही बाई सात वर्षं त्या खोलीत मशीन चालवत होती. ब्लाऊज, फॉल, पिको, पोरींचे ड्रेस, काय सांगाल ते. तिच्या दारात एक पायरी होती आणि दुपारची कामं उरकली की मी त्या पायरीवर बसायचे. गावातल्या निम्म्या बातम्या मला त्याच पायरीवर कळल्या. उरलेल्या निम्म्या मी तिला सांगितल्या.

तिची एक सवय होती. कुणी कापड घेऊन आलं की माप घ्यायची, मग कापडाच्या कोपऱ्यातून नखाएवढा तुकडा कातरायची, कागदाच्या एका चिटोऱ्यावर काहीतरी खरडायची, चिटोरा आणि तुकडा एकत्र धरून मशीनवर दोन टाके मारायची आणि बिस्किटाच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. कागद म्हणजे जुन्या लग्नपत्रिका. जाड असतात, फाटत नाहीत. हे मी सात वर्षं पाहिलं. का करतेस, असं एकदाही विचारलं नाही. माणूस रोज भात शिजवताना बघतो, विचारतो का?

मग आमच्या घरात वाटण्या झाल्या. मळा आमच्याकडे आला, खोल्या धाकट्या दिरांकडे गेल्या. त्यांना तिथे चार मजली इमारत उठवायची होती, कंपनीतल्या पोरांसाठी. त्यांनी सगळ्या भाडेकरूंना महिनाभर आधी सांगितलं. चौघे गेले. टेलरबाईनं हात जोडून लग्नसराई संपेपर्यंतचा वेळ मागितला. भाड्याचा काही प्रश्न नव्हता, ते तिनं कधी चुकवलं नाही. प्रश्न सात बोचकी कापडांचा होता. लोकांची कापडं अर्धी कापलेली, अर्धी शिवलेली. ती घेऊन कुठे जाणार? दीर ‘बघू’ म्हणाले. आणि नेमकी तिची आई आजारी पडली. खोलीला कुलूप लावून ती गावाकडे गेली. आठ दिवसांत येते, म्हणाली.

सहाव्या दिवशी सकाळी जेसीबी आला.

“वैनी, तिला फोन लावा,” दीर म्हणाले.

लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

“भावजी, दोन दिस थांबा की. आई आजारी हाय तिची.”

“आज जेसीबी सोडला तर पुन्हा पंधरा दिस गावत न्हाई. मग काय कुलपाची पूजा करू?”

माझे यजमान अंगणात दात घासत उभे होते. “त्याचा वाटा, त्याची खोली,” ते म्हणाले. “आपून मदी पडायचं न्हाई.” ते कधीच कशात मधे पडत नाहीत. त्यामुळेच लोक त्यांना भले म्हणतात.

कुलूप तोडलं. मी नुसती उभी राहिले असते तरी चाललं असतं, पण दीर म्हणाले, “वैनी, यादी करा. उद्या बोंब नको.” मग मी वही आणली. शिलाई मशीन पायाचं, एक. इस्त्री, एक. लोखंडी कॉट. गॅसची शेगडी आणि टाकी. पत्र्याची पेटी, कुलपासकट. देवाच्या तसबिरी, तीन. आरसा, कोपरा फुटका. तो कोपरा आधीपासून फुटका होता हेही कंसात लिहिलं, म्हणजे आमच्यावर यायला नको. कापडांची बोचकी, सात. एकेक वस्तू आमच्या जुन्या गोठ्यात ठेवत गेलो. बैल विकल्यापासून गोठा रिकामाच होता.

शेवटी तो डबा राहिला. मी झाकण काढलं. आत कातरलेल्या पत्रिका, “आमच्या येथे श्रीकृपेकरून”चे तुकडे, आणि रंगीबेरंगी कापडाचे नखाएवढे कपटे.

“काय हाय त्यात?” दिरांनी विचारलं.

“चिंध्या.”

“मग टाका की.”

मी यादीत शेवटी लिहिलं, ‘इतर टाकाऊ’. आणि डबा माझ्या हातानं पाडलेल्या भिंतीच्या राड्यावर फेकला. दिरांनी नाही, जेसीबीवाल्यानं नाही. मी.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन लागला. मी सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल, ओरडेल. दवाखान्यातला आवाज येत होता, कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. तिनं एवढंच विचारलं.

“मशीनवर पाणीबिणी पडणार न्हाई ना, वैनी?”

“न्हाई. गोठ्यात हाय.”

“मग एवढं करा. बोचकी तशीच बांधलेली ऱ्हाऊ द्या. कुणीबी आलं तरी मी येईस्तोवर कापड देऊ नका. मी आल्यावर ज्याचं त्याला बरोबर देते.”

“व्हय,” मी म्हटलं. अगदी सहज म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून बायका यायला लागल्या. लग्नं डोक्यावर आलेली, खोली जमीनदोस्त झालेली, कापड गोठ्यात. त्यांचंही चुकत नव्हतं. पहिल्या दोघींना मी परत पाठवलं. तिसरी म्हणाली, “आमचंच कापड आन् आमालाच कुलूप? तुमचा काय संबंद?” खरंच, माझा काय संबंध? मी बोचकी सोडली.

तेव्हाचं खरं सांगायचं तर मला मजा येत होती. गोठ्याच्या दारात खुर्ची टाकून मी बसले आणि निवाडे करायला लागले. ‘कोणता रंग? काठ कसा? कधी दिलं होतं?’ एका जांभळ्या कापडावरून दोघी जणी हमरीतुमरीवर आल्या, तेव्हा मी दोघींना कापडाकडे पाठ करून उभं केलं आणि काठावर काय आहे विचारलं. एक म्हणाली कोयरी, दुसरी म्हणाली मोर. मोर होता. सगळ्या बायका हसल्या आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं. कुणी जाता जाता कात्री उचलली, “ही मीच दिलती तिला.” कुणी दोऱ्याची चार रिळं नेली. मी फार खोलात गेले नाही.

माझी जाऊ आली. धाकट्या दिरांची बायको. बोचक्यात एक मोतिया रंगाचं कापड होतं, बारीक जरीची वेल असलेलं, हातात घेतलं की भारीपणा जाणवावा असं. ती म्हणाली, “हे माजं असंल बहुतेक, वैनी. मी असलंच फिकं कायतरी दिलतं.” मी दिलं. बहुतेक म्हणाली ते ऐकलं आणि तरी दिलं. तसलं भारी कापड तिच्याकडेच असणार, असं मला वाटलं.

संध्याकाळी कामावरून धनगरवाड्यावरची मावशी आली. त्यांची मेंढरं आहेत, थोडी शेती आहे आणि ती आमच्या मळ्यात खुरपायलाही येते. तिच्या लेकीचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. तिनं उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून कापड सांगितलं. मोतिया रंग, जरीची वेल, पुण्याला जाऊन आणलेलं, लेकीच्या शालूवर घालायला.

मी म्हटलं, “मावशी, नक्की तुमचंच व्हतं का तसलं? नीट आठवा.”

शब्द साधे होते. पण मी ते कसे म्हटले हे मला माहीत आहे आणि तिलाही कळलं. सकाळी काठावर काय आहे ते विचारत होते, तिला तेवढंही विचारलं नाही. धनगराच्या घरात असलं कापड कुठून येणार, हे माझ्या मनात होतं आणि ते आवाजातून बाहेर पडलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग “बरं,” म्हणाली आणि गेली.

चार दिवसांनी टेलरबाई आली. आईला गावाकडे बहिणीजवळ ठेवून आली होती. बसमधून उतरली ती सरळ मागे गेली. खोलीच्या जागी खड्डा होता. त्या खड्ड्याकडे तिनं फार वेळ पाहिलं नाही. गोठ्यात आली, मशीनवरून हात फिरवला, बोचक्यांकडे बघितलं. दोन उरली होती, तीही सैल.

“वैनी, डबा कुटं हाय?”

मी यादी पुढे केली. तिनं ती घेतलीच नाही.

“पत्र्याचा डबा. बिस्किटाचा.”

“त्यात चिंध्याच व्हत्या की.”

तेव्हा तिनं मला सांगितलं, सात वर्षांत मी विचारलं नव्हतं ते. वही ठेवली तर दहा कापडं सारखीच दिसतात, लिहून कळत नाही. म्हणून ज्याचं कापड, त्याचाच तुकडा आणि त्याला जोडून माप. भांडण झालं की डबा उघडायचा, तुकडा कापडाच्या कातरलेल्या कोपऱ्याला लावून बघायचा. बसला की विषय संपला. “डबा असता तर कुणाचं काय गेलं, कुणाला चुकून काय गेलं, सगळं मी हुडकून काढलं असतं. आता ज्याला कमी पडंल त्यो म्हननार, बाईनं कापड खाल्लं.” हे ती रागानं बोलली नाही. आम्हा बायकांना एकमेकींचं तोंड बघूनच कळतं, काय होणार आहे ते. शिवणाऱ्या बाईजवळ मशीन असून उपयोग नाही, बायकांनी विश्वासानं कापड टाकलं पाहिजे. एकदा ‘कापड खाल्लं’ म्हटलं गेलं की दुसऱ्या गावातही तिच्या आधी ती गोष्ट पोचते.

आणि तेवढ्यात मावशी आलीच. कुणीतरी तिला टेलरबाई आल्याचं सांगितलं असणार. अंगणात बायका जमल्या. जाऊ तिच्या दारात उभी राहिली.

“माजं कापड दे,” मावशी म्हणाली.

“दिलतं तुमी, मावशी. मी कुटं न्हाई म्हंते?”

“मग कुटं गेलं? हितं कुणाला ठावंच न्हाई. तू बदाललंस का इकलंस?”

टेलरबाई माझ्याकडे वळली. “वैनी, मोतिया कापड कुणी नेलं? जरीची वेल व्हती त्यावर.”

समोर जाऊ उभी होती. वाटण्या होऊन दोन महिने झाले होते आणि दोन्ही घरांत नुकतं कुठे बोलणं सुरू झालं होतं. बायका बघत होत्या. मी काय करायला हवं होतं हे मला तेव्हाही माहीत होतं.

“लई जणी आल्या,” मी म्हटलं. “ध्यानात न्हाई.”

टेलरबाईनं मान हलवली. मग गोठ्यात जाऊन पेटीचं कुलूप काढलं आणि तळातून एक कापड बाहेर आणलं. आंबा रंगाचं, जरीचं, अजून घडी न मोडलेलं. तिनं ते तिच्या लेकीसाठी ठेवलेलं होतं, मला दाखवलं होतं एकदा. मावशीला म्हणाली, “लेकीला घेऊन या.” पोरगी आली. तिथेच माप घेतलं, तिथेच गोठ्यात मशीन पुसून बसली आणि दिवस मावळायच्या आत ब्लाऊज शिवून हातात दिलं. मावशीनं घेतलं, पण तिचं तोंड सैल झालं नाही. देणाऱ्यानं भरपाई दिली म्हणजे खाल्लेलं कबूल केलं, असाच अर्थ लोक लावतात. अंगणातल्या बायकांनीही तोच लावला.

दुसऱ्या दिवशी टेलरबाई टेम्पोतून जवळच्या चांदे गावाला गेली. मशीन दिरांनी स्वतः उचलून टेम्पोत ठेवलं, ते माणूस म्हणून वाईट नाहीत, घाईचे आहेत. जाताना ती मला म्हणाली, “येते, वैनी.” मी ‘ये’ म्हटलं.

त्यानंतर गावात ठरून गेलं की टेलरबाई कापड बदलते. चांदं काही लांब नाही, पण आमच्याकडची एकही बाई तिच्याकडे गेली नाही. चांद्याच्या बायकाही विचारायला लागल्या, “तिला जांब्याहून का हाकललं?” माझ्यासमोर हे बोलणं निघायचं तेव्हा मी चहात साखर ढवळत बसायचे. विरघळलेली साखर मी किती वेळा ढवळली असेल त्या काळात! मला लाज वाटत होती. लाज वाटते म्हणून माणूस चांगलं वागतो असं नाही, बहुतेक वेळा तो विषय टाळतो.

पावसाळा सरला. दिरांच्या इमारतीचे खांब वर आले. ते दिवसभर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून गवंड्यांवर लक्ष ठेवायचे. खुर्ची तापते म्हणून आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, उन्हाळ्यातच त्यांना एक गादी शिवून दिली होती. जुन्या लुगड्याच्या खोळीची, छान टम्म. दिवाळीच्या आवराआवरीत ती गादी माझ्याकडे आली. बूड फाटलं होतं. “वैनी, दोन टाके मारा,” दीर म्हणाले.

मी शिवण जरा उकलली आणि आतून लग्नपत्रिका बाहेर पडली.

तुकडा हातभर नाही, दोन बोटांचा. त्याला दोन टाक्यांनी जोडलेला निळ्या कापडाचा कपटा. मी हात घातला. दुसरा निघाला. तिसरा. मी खाली बसले आणि सगळी गादी ताटात रिकामी केली.

“आत्याबाई! हे कुटनं आनलं?”

“राड्यावर पडलं व्हतं. चांगलं मऊसूत कापड, फेकत्यात व्हय? डब्यात माजी मिसरी हाय.” टेलरबाई आली त्या दिवशी आत्याबाई कासारसाईला लेकीकडे होत्या. डब्याचं रामायण त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे ज्या पुराव्यासाठी ती बाई गोठ्यात उभी राहून हवालदिल झाली होती, त्यावर आमचे दीर सहा महिने बसून होते. मला हसूही आलं आणि रडूही आलं.

मी एकेक चिटोरा वाचला. तिचं अक्षर चौथी पास बाईचं, गोल आणि मोठं. नावं नव्हतीच, तिनं ठेवलेली ओळख होती. ‘गिरणीवाल्या काकू. श्वास धरून माप देत्यात. दोन इंच वाढवणे.’ ‘नवी सून, कोपऱ्यावरची. पाठ बंद. सासू बगती.’ ‘मास्तरीणबाई. खिसा पायजे, कुणाला सांगायचं न्हाई.’ सगळं गाव त्या ताटात होतं, आणि कुणाबद्दल एकही वाकडा शब्द नव्हता.

जावेचा सापडला. ‘धाकट्या वैनी. पिस्ता. दिलं.’ आणि खाली रेघ. पिस्ता रंगाचा कपटा.

मग मोतिया. जरीच्या वेलीचं एक पान अर्धं कापलेलं. ‘मेंढरंवाल्या मावशी. लेकीचं लग्न. पोरगी लाजती, गळा लहान.’

आणि एक माझा. मी गेल्या वर्षी दिलेलं मेंदी रंगाचं कापड. त्या निवाड्यांच्या गडबडीत मी स्वतःचं कापड मागायलाच विसरले होते. त्यावर लिहिलं होतं, ‘मोठ्या वैनी. घाई न्हाई. समजून घेत्यात.’

मी तो चिटोरा पदरात धरून बसले. आत्याबाईंनी दोनदा विचारलं, काय झालं म्हणून.

आधी जावेकडे गेले. दोन्ही कपटे तिच्यासमोर ठेवले. तिनं कपाट उघडलं, हँगरवरची पंचवीसतीस ब्लाऊजं बाजूला सारली आणि मागे पिस्ता रंगाचं ब्लाऊज लटकत होतं. शिवून, फाल्गुनातच आलेलं. ती पलंगावर बसली. “आवो, मला खरंच ध्यानात न्हवतं, वैनी. आनि तुमी दिलं म्हनल्यावर मला वाटलं माजंच असंल.” मोतिया तिनं हिंजवडीत शिवून घेतलं होतं, एका लग्नात घातलंही होतं. ते ब्लाऊज तिनं मुकाट्यानं पिशवीत घातलं. खोटारडी नाही ती. तिच्याजवळ नुसतं खूप आहे.

आम्ही दोघी धनगरवाड्यावर गेलो. मावशी मेंढरांना पाणी दाखवत होती. मी कपटा तिच्या तळहातावर ठेवला आणि सगळं सांगितलं, राड्यावर फेकलेल्या डब्यापासून ‘ध्यानात न्हाई’पर्यंत. तिनं तो अर्धा कापलेल्या पानाचा तुकडा उलटसुलट करून बघितला.

“म्हंजी तिनं बदाललं न्हवतं.”

“न्हाई.”

“आन् तिच्या लेकीचं कापड माज्या लेकीनं लग्नात घातलं.”

जावेनं पिशवी पुढे केली, पण मावशीनं ती घेतली नाही.

“मला कशापायी सांगताय?” ती म्हणाली. “मी एकलीनं ऐकून काय हुतंय? जितं मला इचारलं व्हतं ‘नक्की तुमचंच का’, तितं सांगा. चार बाया व्हत्या तवा.” आणि मेंढरांकडे वळली. माझं वय तिच्याएवढंच असेल, पण त्या क्षणी मला शाळेत छडी खाल्ल्यासारखं झालं. तिचं बरोबर होतं.

त्याच आठवड्यात इमारतीचा स्लॅब टाकला, त्याचं जेवण होतं. आळीतल्या सगळ्या बायका आल्या होत्या. मावशीही आली होती, कडेला बसली होती. वाढणं झाल्यावर मी उभी राहिले. भाषण मला येत नाही. मी चिटोऱ्यांचं ताट मध्ये ठेवलं, जावेनं आणलेली पिशवी हातात धरली आणि म्हटलं, “टेलरबाईनं कुणाचं कापड खाल्लं न्हाई. मोतिया कापड मावशीचं व्हतं. ते मी माज्या हातानं माज्या जावंला दिलं आन् नंतर ध्यानात न्हाई म्हनून खोटं बोलले. डबाबी मीच फेकला.” दिरांचं तोंड उतरलं. यजमान पत्रावळीकडे बघत होते, मधे न पडण्याची त्यांची नेहमीची रीत. मग गिरणीवाल्या काकू उठल्या, ताटातून आपला चिटोरा हुडकला, डोळ्याजवळ धरून वाचला आणि म्हणाल्या, “मेली, माजा श्वास धरलेला तिला कळत व्हता व्हय!” बायका हसल्या. पण मावशी हसली नाही. ती उठून माझ्यासमोर आली, मोतिया ब्लाऊजची पिशवी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाली, “हे मी नेते तिला. तिच्या लेकीला.”

मी दोन दिवसांनी गेले. चिटोरे पिशवीत, आणि आत्याबाईंची मिसरी दुसरीकडे काढून, घासून पुसून तो डबाही. चांद्याला एका दुकानामागे तिची खोली होती. पायरी नव्हती, म्हणून मी आतच बसले. लेकीच्या मापाचं करायला मोतिया ब्लाऊज उसवून खुंटीवर टांगलं होतं. मावशी येऊन गेली होती, सगळं सांगून गेली होती. मला पुन्हा सांगावं लागलं नाही, तरी मी सांगितलं. तिनं मधेच थांबवलं नाही. चहा केला. डब्यात चिटोरे भरता भरता बोटांनी मोजल्यासारखं केलं.

“एक कमी हाय. तुमचाच.”

तो माझ्या पर्समध्ये होता. मला तो माझ्याजवळ ठेवायचा होता, पण मागितल्यावर देणं भाग होतं. तिनं वाचला, बाजूला ठेवला आणि फळीवरून माझं मेंदी रंगाचं कापड काढलं. ते तिनं उरलेल्या दोन बोचक्यांतून जपून आणलं होतं.

“उभ्या ऱ्हावा. जुनं माप आता बसायचं न्हाई तुमाला.”

तिनं टेप लावला, खांदा, छाती, बाही, माझ्याकडे न बघता. मग एक नवी पत्रिका कातरली, आकडे लिहिले, कपटा जोडून मशीनवर दोन टाके मारले. ती दोरा तोडायला वाकली तेव्हा मी मान लांब करून वाचलं.

‘मोठ्या वैनी,’ एवढंच होतं. पुढे कागद कोरा होता.

“कवा पायजे?” तिनं विचारलं.

“घाई न्हाई,” मी म्हटलं.